फोटोची मागची बाजू

शालनआत्या गेली हे अण्णांनी मला फोनवर सांगितलं, तेव्हा मी बारामतीत छापखान्याच्या दारात एका पत्रकाचं प्रूफ तपासत उभी होते. अण्णा म्हणजे माझे वडील. एसटी किती वाजता आहे एवढं सांगायचं असलं तरी ते आधी प्रस्तावना करतात. त्या दिवशी दोनच शब्द बोलले, "शालनताई गेली," आणि फोन ठेवला. प्रुफातल्या एका चुकीभोवती मी पेनने गोल केला होता, तोच पुन्हा पुन्हा गिरवत राहिले. बाकीचं निरवांगीला पोचल्यावर शेजारच्या सुमनकाकींकडून कळलं. आत्या नेहमीसारखी सकाळी कॅमेरा घेऊन परसातल्या तळ्याकाठी गेली, ऊन वर आल्यावर परत आली, चहा ठेवला आणि भिंतीला टेकून बसली. चहा उतू जाऊन करपल्याचा वास आला म्हणून काकी डोकावल्या. "कॅमेरा मांडीवर हुता," काकी म्हणाल्या, "आन् त्याचं झाकान लावल्यालं. काम उरकून बसावं तशी बसली हुती गं."

त्याला आता सहा आठवडे झाले. मधे दसराही होऊन गेला. आत्याबद्दल लिही असं मला अनेकांनी सांगितलं आणि मी टाळत राहिले, कारण मला येतं ते लिहिणं वेगळं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमच्या घरात देवघराच्या जागी पत्रकांचे गठ्ठे होते. पाण्याच्या समान वाटपाचं, अंगात येणाऱ्या बुवांविरुद्धचं, हुंड्याविरुद्धचं, ऊसतोड बायकांच्या मजुरीचं. अक्षरं जुळवायला मी त्यांवरच शिकले, आणि 'जाहीर निषेध' हे मी आयुष्यात वाचलेले पहिले दोन शब्द असावेत. नावही अण्णांनी त्याच खात्यातलं ठेवलं, क्रांती. घरात त्या नावाची चेष्टा करण्याचा अधिकार फक्त त्यांच्या या थोरल्या बहिणीला होता. "काय गं क्रांते, झाली का न्हाय अजून?" असं ती दारातूनच विचारायची.

तळं म्हणणं ही आत्याचीच ऐट. घरामागे आठ-दहा पावलांचा उथळ खड्डा आहे, आजोबांनी मेंढरांना पाणी पाजायला खणलेला. मेंढरं माझ्या जन्माआधीच गेली. भोवती ऊस आला, पण खड्डा कुणी बुजवला नाही. पाटाला पाणी सुटलं की पाझराने तो भरतो, पाट बंद झाला की घोट्याइतका उरतो. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, वारल्यावर ती बारामती सोडून या माहेरच्या जागेत राहायला आली आणि पहिल्याच महिन्यात त्या पाण्यावर तिला निवळ्या दिसल्या. निवळी म्हणजे लांब पाय पसरून पाण्यावर सरकणारा, जिऱ्याएवढ्या अंगाचा किडा. लहानपणी सगळ्यांनीच पाहिलेला आणि मग सगळेच विसरलेला. आत्याला वाटलं याचा फोटो काढावा. पुढची बारा वर्षं ती तेच करत होती.

त्यासाठी तिने मामांच्या जुन्या कॅमेऱ्याचं भिंग उलटं करून नव्या कॅमेऱ्याला रबरी पट्टीने आवळून बसवलं होतं. त्यामुळे जिऱ्याएवढा किडा बोटाएवढा दिसायचा, पण वीतभर अंतरावर जावं लागायचं. मग सत्तरीतली ही बाई काठावर एक जुनी गोधडी अंथरून त्यावर पालथी पडायची, कोपरं रोवायची आणि तासन्‌तास तशीच राहायची. आल्यागेल्यांना आधी वाटायचं म्हातारी पडली. दोनदा तर लोक उचलायला धावले. नंतर गावाला सवय झाली.

मी कॉलेजात असताना पहिल्यांदा तिच्याजवळ त्या काठावर बसले. तेव्हा मी कुठेही गेले तरी दहा मिनिटांत कशाचा तरी निषेध करायला लागायचे. तसाच तिथे केला. गावाला टँकरचं पाणी प्यावं लागतंय, त्याचं सोडून तू किडे काय टिपत बसतेस, वगैरे. आत्याने मान वर केली नाही. "सरक," म्हणाली, "सावली पडतीया तुजी."

मी सरकले. थोड्या वेळाने तिने मला शेजारी पालथं पडायला लावलं आणि म्हणाली, किड्याकडं बघू नको, तळाकडं बघ. उथळ पाण्याच्या तळावर, चिखलावर, किड्याची सावली पडली होती. अंगाची सावली काडीएवढी, पण पायांच्या टोकांशी बोराएवढे गोल काळे ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला उजेडाची कड. किडा दिसेनासा झाला तरी ते ठिपके तळावरून चालत राहायचे. मला काही उमगेना. "पाय पान्याला दाबत्यात," आत्या म्हणाली, "खड्डा पडतुया, पर पानी फाटत न्हाय. त्या खड्ड्याची सावली हाय ती." आणि पुढे म्हणाली, "तुजा बाप असता तर पयल्याच पावलाला बुडला असता." मी हसले, तर सावल्या पळाल्या. ती चिडली. त्या सकाळी आमची खरी ओळख झाली असं मी धरते.

तिच्या हाताला हे बारीक काम कुठून आलं, ते सांगायला हवं. बारामतीत मामांचा फोटो स्टुडिओ होता. फोटो मामा काढायचे, पण पडद्यामागच्या खोलीत निगेटिव्हवर रिटचिंग करायची ती आत्या. सातवी शिकलेली, मेंढरांमागे फिरलेल्या घरातली मुलगी. मामांनी शिकवलं आणि ती त्यांच्याहून वरचढ निघाली. निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिल फिरवली की प्रिंटमध्ये तेवढा भाग उजळ निघतो. देवीचे व्रण, डोळ्याखालची वर्तुळं, उन्हाने रापलेला रंग, सगळं त्या पेन्सिलीने जायचं. स्थळाला पाठवायचा मुलीचा फोटो म्हटलं की इंदापूरपासूनचे लोक हाच स्टुडिओ शोधत यायचे. "मी गोऱ्या केल्याल्या पोरी मोजल्या तर एक गाव बसंल," असं ती म्हणायची, आणि ते फुशारकीने म्हणायची नाही.

अशाच एका मुलीच्या गालावर जन्मापासूनचा डाग होता. आत्याने तो सफाईने काढला. फोटो पसंत पडला, बघायला मंडळी आली. मुलाच्या चुलत्याने खिशातून फोटो काढून मुलीच्या चेहऱ्याशेजारी धरला आणि सगळे पोह्यांना हात न लावता उठले. आठवड्याने ती मुलगी एकटी स्टुडिओत आली. भांडायला आली असेल म्हणून मामा आत निघून गेले. ती आत्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, माझ्या गालावर डाग हाय. त्यो परत घाला."

आत्याने निगेटिव्ह पुसली आणि दुसरी प्रिंट काढून दिली. मामा पुष्कळ रागावले, तरी पेन्सिल तिने त्यानंतर अगदीच नाइलाज झाला तरच उचलली. ही गोष्ट तिने मला एकदाच सांगितली, भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता. हुंड्याविरुद्धची इतकी पत्रकं मी वाचली होती, पण त्या मुलीच्या एका वाक्यापुढे मला ती सगळी ओरडून बोलणाऱ्या माणसासारखी वाटली... आणि तरी मी शिकले काहीच नाही, हे पुढे येईलच.

तेव्हापासून आत्याची एक सवय होती. स्वतः काढलेल्या प्रत्येक फोटोच्या प्रिंटवर मागच्या बाजूला ती पेन्सिलीने लिहायची, फोटोत काय आलेलं नाही ते. पुढे निवळ्यांचे फोटो इंदापूरहून छापून आणायची, त्यांच्याही मागे लिहायची. 'उजवीकडं निळी बादली हुती. सरकवली.' 'ही निवळी हललीच न्हाय, बहुतेक मेल्याली.' 'लई सुंदर आलाय पर ऊन माझं न्हाय, पत्र्यावरून आलं.' हे फोटो तिने कुठल्या स्पर्धेला पाठवले नाहीत, कुणाला दाखवलेही फारसे नाहीत. बिस्किटांच्या दोन पत्र्याच्या डब्यांत ते असायचे. मी एकदा विचारलं, कुणी बघणारच नाही तर मागे लिहितेस कशाला? म्हणाली, "मला ठावं असतंय की."

आता ते तीन वर्षांपूर्वीचं प्रकरण. आमच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला एक शेड होती, रसायनांचे रिकामे ड्रम धुऊन विकणारी. ते धुण्याचं पाणी ओढ्यात यायचं. ओढा काळा झाला, वास सुटला, गुरं तोंड लावीनात. आम्ही निवेदनं दिली, उत्तरं आली नाहीत. ग्रामसभा जवळ आली होती आणि मला एक असं पत्रक काढायचं होतं की वाचून माणूस बसल्या जागी उठला पाहिजे. दसऱ्यानंतर मी आत्याकडे गेले असताना तिच्या डब्यात मला एक फोटो सापडला. पाण्याखाली बुडालेल्या, पाय एकमेकांत गुंतलेल्या दहा-बारा निवळ्या. इतका भयानक आणि इतका देखणा फोटो मी पाहिला नव्हता. आत्या चुलीपाशी होती. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला, प्रिंट जागेवर ठेवली आणि बारामतीला येऊन पत्रक छापलं. वर फोटो, खाली ठळक अक्षरांत 'आपल्या ओढ्याचं पाणी. आज किडे, उद्या आपण.'

प्रिंट उलटी करून मी पाहिली नव्हती. इतक्या वर्षांत तिच्या हातचा फोटो मागची बाजू न वाचता खाली ठेवला, असं ते एकदाच झालं.

अंथुर्ण्याच्या बाजारात कुणीतरी ते पत्रक आत्याच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी ती बारामतीला आमच्या दारात. पाणीसुद्धा न पिता तिने पिशवीतून मूळ प्रिंट काढली आणि पालथी करून माझ्यासमोर ठेवली. मागे लिहिलं होतं, 'दसऱ्याचं धुनं. साबन. चूक आपलीच.'

दसऱ्याआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं ही आमच्याकडची रीत आहे. बायका गोधड्यांची ओझी घेऊन ओढ्याला जायच्या, दिवसभर आपटायच्या, झुडपांवर वाळवायच्या. त्या वर्षी ओढा काळा आणि पाटही बंद. म्हणून सुमनकाकींनी आपल्या आणि आत्याच्या गोधड्या त्या तळ्यातच धुतल्या. आत्यानेच हो म्हटलं होतं. साबणाने पाण्यातला जोर जातो, निवळीचे पाय तरत नाहीत. तासाभरात सगळ्या बुडाल्या. आत्याने रडत रडत तो फोटो काढला होता.

"पण आत्या, मूळ कारण तेच ना?" मी म्हणाले. "ओढा काळा नसता तर तळ्यात धुतलं असतं का?"

"व्हय की. मग त्ये लिव. गोधड्या लिव."

"गोधड्या वाचून कुणाला राग येतो?"

"तुला येत न्हाय," आत्या म्हणाली, "धुनारीला येतोय."

अण्णा मधे पडले. ताई, लढ्यात थोडं इकडंतिकडं चालतं, त्यांच्याकडं पैसा आहे, आपल्याकडं एवढाच कागद आहे. आत्या त्यांच्याकडे वळली. "बाळू, मी तीस वर्सं पोरींच्या तोंडावरनं पेन्सिल फिरवली ती बी त्यांच्या भल्यासाठीच. मला नको शिकवू." अण्णा तिच्यासाठी पाणी आणायला आत गेले. मी हटले नाही. पत्रक मागे घेणार नाही असं मी तिला तोंडावर सांगितलं. तिने प्रिंट पिशवीत ठेवली आणि पुढच्या एसटीने परत गेली.

ग्रामसभेत आत्या उठून उभी राहिली. अशा सभेत ती कधी बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "ह्यो फोटो माझा हाय. ओढ्याचा न्हाय, माझ्या परसातला हाय. किडं साबनानं मेल्यात." सभेत कुजबुज झाली. शेडवाल्यांचा माणूस मागे बसला होता, तो उघड हसला. माझ्या सख्ख्या आत्याने माझ्या शब्दाची किंमत सगळ्यांदेखत शून्य केली, असं मला त्या क्षणी वाटलं. ती खाली बसतेय तोवर सुमनकाकी उठल्या. "साबन माझा हुता," त्या म्हणाल्या. "गोधड्या मी धुतल्या तितं. मग कुठं धुवायच्या, सांगा की. सरपंचांच्या घरच्या कुठं धुतल्या ते बी सांगा." मागून एकीने सांगितलं, तिने यंदा धुतल्याच नाहीत. दुसरीने सांगितलं, टेम्पोत घालून माहेरी नेल्या, सांगवीला. तिसरीने ओढ्यात धुतल्या होत्या, तिच्या पोरांच्या अंगावर फोड आले होते आणि ती उठून गेली ती थेट ती गोधडीच घेऊन आली. सभेच्या मधोमध टाकली. वास सगळ्यांना आला. मागचा माणूस आता हसत नव्हता.

त्या दिवशी ग्रामसभेच्या इतिवृत्तात गोधड्या लिहिल्या गेल्या. पुढे पाण्याचे नमुने घ्यायला माणसं आली, आणखी बऱ्याच खेपा झाल्या, शेवटी ती शेड तिथून हलली. ओढा अजून पुरता स्वच्छ नाही. विजय वगैरे शब्द मी वापरणार नाही. पण मला आज हे नीट कळतं की त्या दिवशी शेडवाल्यांनी माझं पत्रक फाडायच्या आधी आत्याने ते फाडलं, म्हणून आमच्या हातात काहीतरी उरलं. त्या माणसाने तो फोटो खोटा ठरवला असता तर त्या तिसऱ्या बाईची गोधडीही खोटी ठरली असती.

तेव्हा मात्र हे कळायला मी तयार नव्हते. मी काही दिवस आत्याकडे गेले नाही. मग एका सकाळी अंथुर्ण्यापर्यंत एसटीने आणि पुढे दुधाच्या गाडीने निरवांगीला पोचले. आत्या काठावर पालथी पडलेली. मी मागे जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते वाटेत जुळवत आले होते. तिने मान वळवली नाही.

"सरक," म्हणाली, "सावली पडतीया."

मी सरकले. त्या दिवशी घरात बसून मी 'आमच्या गोधड्या' हे पत्रक लिहिलं, सुमनकाकींना वाचून दाखवलं, त्यांनी सांगितलेल्या तीन चुका दुरुस्त केल्या. माझ्या सगळ्या लिखाणात तेवढंच एक असं आहे की ज्यातलं वाक्य न् वाक्य मी कुणाहीसमोर उभं राहून पुन्हा म्हणेन. तेव्हापासून कुठलाही मजकूर छापायला देण्याआधी मी तो कागद पालथा करते आणि मागे लिहिते, यात काय आलेलं नाही. छापखान्यातले लोक हसतात. हसू देत. अण्णांनी मला बोलायला शिकवलं आणि आत्याने बोलण्याआधी थांबायला. दोघांचीही मी ऋणी आहे, पण थांबायला शिकवणारी माणसं कमी भेटतात.

आत्याचं अंथरूण रीतीप्रमाणे तिच्याबरोबर गेलं. काठावरची गोधडी मात्र सुमनकाकींनी लपवून ठेवली. "ती अंथरुनाची न्हवं, कामाची हाय," असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. दसऱ्याआधी त्यांनी ती तळ्यापासून लांब, न्हाणीपाशी, घंगाळात नुसत्या पाण्यात धुतली. धुऊनही त्यातले दोन खळगे गेले नाहीत, कोपरांचे. परवा मी ती काठावर अंथरून पालथी पडले, तर माझी कोपरं आपोआप त्यांत गेली. तळावर ते गोल काळे ठिपके चालत होते.

डब्यातला सगळ्यात वरचा फोटो तिच्या अखेरच्या महिन्यातला आहे. एकच निवळी, तिची सावली आणि बाकी सगळं पाणी. मागे पेन्सिलीने लिहिलंय, 'डावीकडं क्रांती बसलीया. बोलतीया. फोटोत येत न्हाय.'

म्हणून या लेखाचीही मागची बाजू लिहिते. सुमनकाकी ग्रामसभेत बोलताना दोन शिव्या देत होत्या, त्या मी काढल्या. आत्या तापट होती, अण्णांशी ती एकदा वर्षभर बोलली नव्हती, ते कुठे आलेलं नाही. आणि ग्रामसभेनंतर मी काही दिवस तिच्याकडे गेले नाही असं वर लिहिलंय, ते काही दिवस नव्हते, आठ महिने होते. त्या आठ महिन्यांत तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, बारामतीतच, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मला माहीत होतं. मी गेले नाही. नंतर तिने ते एकदाही काढलं नाही. ती निळी बादली मी सरकवली होती. आता जागेवर ठेवली आहे.